मसाई पठारावर रेझिस्टिव्हिटी: सपाट जागा बघून फसू नका

कोल्हापुरात ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच सांगितलं होतं. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार टेबलासारखं सपाट आहे, झाड नाही, कुंपण नाही, विजेचे खांब नाहीत, दिवसाला चार साउंडिंग (करंटला जमिनीचा विरोध, म्हणजे रेझिस्टिव्हिटी, मोजून खालचे थर ओळखण्याची एकेक फेरी) आरामात होतील. मार्चमधल्या फेरीत पहिल्या दिवशी झालं एक, आणि त्यातलेही शेवटचे सहा बिंदू टाकून द्यावे लागले. सांगणाऱ्यांचा एक शब्दही खोटा नव्हता. जागा सपाटच आहे. पण जमिनीत करंट शिरला नाही तर त्या सपाटीचा उपयोग शून्य.

काम साधं होतं. माथ्यावरचा जांभा किती जाड आहे आणि त्याखालचा लिथोमार्जचा (खडक कुजून झालेला) चिकण थर कुठे सुरू होतो, ते मोजायचं. पठाराच्या कडेखालच्या झऱ्यांचं पाणी याच सांध्यातून येतं: पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून खाली मुरतं, चिकण थरावर अडतं आणि कडेला बाहेर पडतं. त्या थराची खोली कळली तर झऱ्यावर टाकी कुठे बांधायची आणि माथ्यावर काय खोदू द्यायचं नाही, हे ठरवता येतं. त्यासाठी श्लंबर्जर मांडणी: एका ओळीत चार टोकं, बाहेरच्या ए आणि बी मधून करंट सोडायचा, आतल्या एम आणि एन मध्ये व्होल्टेज (पोटेन्शियल) मोजायचा. एबी/2, म्हणजे मध्यापासून करंटच्या टोकाचं अंतर, दीड मीटरपासून 200 मीटरपर्यंत.

पायथ्याच्या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वाघबीळच्या खाली उसाच्या काळ्या रानात सळई हाताने दाबली तरी जाते, करंट हवा तेवढा मिळतो. त्रास एकच, शेतीपंपांचा. मोटारी चालू असताना 50 हर्ट्झचा गोंगाट मिलिव्होल्टमध्ये येतो. थ्री फेज वीज पाळीपाळीने येते, तेव्हा आदल्या संध्याकाळी गावात विचारून वीज नसलेली पाळी धरा. बाकी सगळं सोपं.

आता पठार. वर सुकलेला जांभा आहे. उन्हाळ्यात त्याची रेझिस्टिव्हिटी काही हजार ओम-मीटर सहज असते. हिशेबाला 10,000 धरा. 16 मिलिमीटर जाडीची सळई 30 सेंटीमीटर आत गेली तर एका सळईचा जमिनीशी संपर्क-रोध सुमारे 21 किलोओम येतो. पण मसाईवर ती 30 सेंटीमीटर जात नाही. घणाने ठोकली तर 10 सेंटीमीटरवर थांबते, जास्त मारली तर कवचाची खपली उडते आणि सळई भोकात सैल हलते. 10 सेंटीमीटरला तोच रोध 46 किलोओम. दोन टोकांचे मिळून 92. चारशे व्होल्ट लावले तरी जेमतेम सव्वाचार मिलिअँपिअर करंट जातो.

त्यात काय वाईट, असं वाटेल. एबी/2 100 मीटर आणि एमएन 20 मीटर असताना मांडणीचा गुणक (व्होल्टेज भागिले करंटला याने गुणलं की रेझिस्टिव्हिटी मिळते) सुमारे 1555 असतो. खालच्या चिकण थरामुळे आभासी रेझिस्टिव्हिटी (सगळ्या थरांची मिळून दिसणारी) 100 ओम-मीटरवर उतरली असं धरा. सव्वाचार मिलिअँपिअरला एमएनमध्ये मिळणारा व्होल्टेज 0.28 मिलिव्होल्ट. पोटेन्शियलला लोखंडी सळया असतील तर त्यांचं ध्रुवीकरणच (सळई आणि ओल यांच्यात आपोआप तयार होणारा व्होल्टेज) याच्या कितीतरी पट सरकत असतं, वर पठाराचा वारा केबल हलवत असतो. मग यंत्रावर आकडे तर दिसतात, पण ते जमिनीचे नसतात. सगळ्यात मोठी फसगत इथेच होते, कारण यंत्र तक्रार करत नाही. एकच बिंदू चार वेळा वाचा. चार वाचनांत पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर तो बिंदू वहीत लिहू नका.

मंदिराकडून पश्चिमेला मांडलेल्या ओळीचं पूर्व टोक, 80 ते 200 मीटरचा पट्टा, सगळ्यात वाईट. वरून उघडा कातळ, मातीचा कण नाही, फटी कोरड्या. अख्खी दुपार त्या 120 मीटरमध्ये गेली. पश्चिमेच्या टोकाला खळग्यात वीतभर माती होती, तिथे संपर्क चांगला. पण करंट दोन्ही टोकांतून सारखाच जातो, म्हणून खराब टोकच सगळं ठरवतं. ओळ आखण्याआधी दोन्ही टोकांपर्यंत चालत जा आणि दर 20 मीटरला सळई ठोकून बघा. अर्धा तास जातो, दिवस वाचतो. हे न करता केबल सोडणं शुद्ध चूक आहे.

पहिला उपाय सगळ्यांना माहीत असतो, मिठाचं पाणी. तो इथे करू नका. पठार संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि कातळावरच्या उथळ खळग्यांत पावसाळ्यात जी झुडपं-फुलं येतात ती त्याच दोन-चार इंच मातीवर जगतात. तिथे खडे मीठ ओतलं तर पुढच्या श्रावणात तेवढा डाग बोडका राहील. शिवाय कवच इतकं सच्छिद्र आहे की पाणी सळईपाशी थांबतच नाही, खाली निघून जातं. दहा मिनिटांत करंट पुन्हा पडतो.

जे चाललं ते असं. शाडूची माती, कोल्हापुरात कुंभाराकडे पोत्याने मिळते. साध्या पाण्यात थालीपिठाच्या पिठाएवढी घट्ट मळायची. कातळ झाडूने झाडून, ओला करून, त्यावर 30 सेंटीमीटर व्यासाची, तीन बोटं जाडीची थापी बसवायची. हवा राहू नये म्हणून मधून कडेकडे दाबत जायचं. वर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा, पत्र्यावर पुन्हा मातीचा गोळा, त्यावर दगड. पत्र्याला केबल जोडायची ती क्लिपने नाही, नटबोल्टने. अशा एका थापीचा रोध त्याच 10,000 ओम-मीटरच्या कातळावर सुमारे 17 किलोओम, म्हणजे ठोकलेल्या सळईच्या निम्म्याहूनही कमी. चार थाप्या ओळीला काटकोनात, एकमेकींपासून एक मीटरवर ठेवून जोडल्या की टोकाचा रोध पाच किलोओमपर्यंत उतरतो. तो चौथ्या हिश्श्याला का उतरत नाही, तर थाप्या एकमेकींच्या क्षेत्रात येतात. दोन्ही टोकं मिळून 10 किलोओम, 400 व्होल्टला 40 मिलिअँपिअर. वरच्या उदाहरणातला व्होल्टेज आता अडीच मिलिव्होल्टच्या वर. हे मोजता येतं, बिनधास्त.

थाप्यांचा खेळ 30 मीटरच्या पुढच्या एबी/2 साठीच. त्याच्या आत तीन मीटर रुंद टोक बिंदू मानता येत नाही. तिथे एकच सळई वापरा, अंतर कमी असल्याने व्होल्टेज पुरेसा मिळतो. माती सुकली की रोध चढतो, म्हणून वाचनाच्या आधी तांब्याभर पाणी फिरवा आणि ओलं गोणपाट टाका. मोजणी झाली की थापी उचलून पोत्यात परत. तीच माती पुढच्या बिंदूला चालते, कातळावर काही मागे राहत नाही.

पाण्याचा हिशेब: एका साउंडिंगला 80 ते 100 लिटर धरा, 20 लिटरचे पाच कॅन. वर पाणी मिळेल या भरवशावर जाऊ नका. ऐन वेळी खालून मागवलेल्या कॅनला गावातल्या दराच्या तिप्पट द्यावे लागले. जीपचंही तसंच. म्हाळुंग्याच्या अलीकडे गाडी थांबली आणि "पावणं, वर चढतीया की, पन त्येचा दर येगळा," असं ऐकावं लागलं. कोल्हापुरातून ठरवतानाच "पठारावर मंदिरापर्यंत, सामानासकट, दिवसभर थांबून, परत" एवढं सगळं बोलून घ्या आणि कागदावर लिहा. 100 किलो पाणी, दोन पोती शाडू आणि चार रिळं केबल डोक्यावर घेऊन चढण्याची वेळ आली की घासाघीस करायला तोंड उरत नाही.

पोटेन्शियलसाठी लोखंड नकोच, सच्छिद्र भांड्यात मोरचुदाच्या द्रावणात बुडवलेली तांब्याची सळई हवी, तिचा व्होल्टेज तसा सरकत नाही. संक्रांतीची सुगडं ही उत्तम सच्छिद्र भांडी आहेत. बिनचकाकीची, बारीक तोंडाची निवडा. रात्रभर पाणी भरून ठेवा. बाहेरून ओलसर दिसलं तर चांगलं, ठिबकलं तर फेका. एक लिटर पाण्यात 400 ग्रॅम मोरचूद घाला, शेतीच्या दुकानात मिळतं. तळाशी न विरघळलेले खडे दिसलेच पाहिजेत, नाहीतर दुपारच्या उन्हात द्रावणाची तीव्रता बदलते आणि व्होल्टेज सरकतो. आत तांब्याची सळई, तोंडाला रबरी बूच. दोन सुगडं एकाच ओल्या मातीत शेजारी ठेवून व्होल्टमीटर लावा. दोनेक मिलिव्होल्टपेक्षा फरक दिसला तर जोडी बदला. मोरचूद विषारी आहे. पठारावर ओतू नका, गुरांच्या पाण्याजवळ नेऊ नका. यंत्र जुनं असेल तर त्याचा अंतर्गत रोधही बघा: एक मेगाओमच्या मीटरला पोटेन्शियलच्या दोन्ही टोकांचा मिळून 92 किलोओम रोध आला की वाचन आठ-नऊ टक्क्यांनी कमी येतं. दहा मेगाओमच्या मीटरला ही अडचण नाही.

लोखंडी सळया मात्र करंटसाठी लागतातच. बाजारातल्या तयार सळया पहिल्याच दिवशी वाकल्या. उद्यमनगरात लेथवर स्टेनलेसच्या करून घ्या, टोक निमुळतं, डोक्याला केबलसाठी आडवं भोक.

जांभ्याच्या कडा केबलचं पीव्हीसी सोलतात. ओल्या जागी त्या फाटीतून करंट जमिनीत गळतो आणि करंटचा आकडा छान दिसतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. चाचणी सोपी आहे: टोकाची सळई जमिनीतून काढून हवेत अधांतरी ठेवा, हातात न धरता, करंट सोडा, मीटरवर शून्य आला पाहिजे. आला नाही तर केबल हाताने चाचपत जा. हातमोजे घालून, करंट बंद करून, हे वेगळं सांगायला नको. दर साउंडिंगला एकदा ही चाचणी कराच.

400 व्होल्टची उघडी टोकं आहेत आणि पठार मोकळं नाही. म्हशी चरतात, राखणारी पोरं कुतूहलाने जवळ येतात, पन्हाळा-पावनखिंड मोहिमेची मंडळी याच वाटेने जातात. प्रत्येक टोकाला एक माणूस, वॉकीटॉकी, आणि दोन्हीकडून "मोकळं" असं उत्तर आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. दोन माणसांत हे काम होणार नाही. चार हवीत.

ओळ कड्याला समांतर ठेवा, आणि मध्यापासून कडा निदान एबी/2 एवढी तरी लांब असू द्या. कड्यापलीकडे हवा आहे, तिच्यातून करंट जात नाही, म्हणून मोठ्या अंतरांची वाचनं खोटी चढतात. ओळखायची खूण पक्की आहे: लॉग-लॉग कागदावर एबी/2 विरुद्ध आभासी रेझिस्टिव्हिटीचा वक्र 45 अंशांपेक्षा तीव्र चढला तर आडव्या थरांनी ते होऊच शकत नाही. कडा, पोकळी किंवा गळकी केबल, तिघांतलं काहीतरी आहे. जांभ्यात पोकळ्या असतात. एमएन बदलताना दोन बिंदू दोन्ही एमएनवर वाचा, आणि वक्राचे दोन तुकडे दहा टक्क्यांत जुळले नाहीत तर मध्यबिंदू वीस मीटर सरकवा. वक्र जागेवरच काढा. घरी जाऊन काढलेला वक्र दुरुस्त करता येत नाही.

ओळीची दिशा होकायंत्राने लावू नका. उघड्या माथ्यांवर वीज पडते, त्या जागचा लोहयुक्त दगड तीव्र चुंबकित होतो, आणि काही पावलांत सुई सरकते. जीपीएसने दोन्ही टोकं ठरवा. पुराचुंबकीय (दगडात टिकलेलं जुनं चुंबकत्व मोजण्याचे) नमुने घेणाऱ्यांनी तर माथा सोडून रस्त्याच्या ताज्या कटाईत उतरावं.

पन्हाळ्याचा दिवस चांगला गेला, एवढंच. दख्खन बेसाल्टच्या वाई उपगटातल्या एका थरसमूहाला या गडाचं नाव आहे, महाबळेश्वर आणि देसूर यांच्या मधला. पण गडावर हातोडा काढू नका. तो संरक्षित आहे, आणि 2025 पासून जागतिक वारसा यादीतही आहे. ताजा बेसाल्ट घाटरस्त्याला हवा तेवढा आहे.

कधी जावं? फेब्रुवारी ते मे मुळीच नाही. पावसाळ्यात धुकं आणि विजा, 400 व्होल्टची केबल पसरून तिथे उभं राहणं वेडेपणा. सप्टेंबरात फुलं असतात, पाय ठेवायला जागा शोधावी लागते, आणि ठेवूही नये. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत जांभा आतून ओला असतो आणि वरून चालण्याजोगा. तेवढाच काळ. वनखात्याची परवानगी त्याआधी दोन महिने मागा. अर्जात सळया, पत्रे, मातीच्या थाप्या, केबलची लांबी सगळं लिहा, आणि मीठ वापरणार नाही हेही लिहा. फक्त उन्हाळाच मोकळा असेल तर रेझिस्टिव्हिटीचा हट्ट सोडून जमिनीला संपर्क न लागणारं विद्युतचुंबकीय यंत्र न्या. तेही मिळत नसेल तर दिवसाला एकच साउंडिंग धरा आणि पूर्व टोकाच्या त्या 120 मीटरसाठी शाडूचं एक पोतं जास्त घ्या.