लागोसचा ताप पुण्यात परत आला

पुण्यात हा ताप येण्याच्या पाच महिने आधी मला नायजेरियातल्या लागोसमध्ये मलेरिया झाला होता. तीन दिवसांत सहा डोस घेतले, ताप उतरला, विषय संपला असं मी धरून चाललो. मग पुण्यात एका दुपारी अशी हुडहुडी भरली की अंगावर दोन रजया घेऊनही दात वाजत होते. रात्री घाम फुटून ताप उतरला. दुसरा दिवस बरा गेला, तिसऱ्या दिवशी त्याच सुमारास पुन्हा थंडी.

लॅबमध्ये कार्ड टेस्ट, म्हणजे रक्ताच्या थेंबावरची मलेरियाची झटपट तपासणी केली, निगेटिव्ह. परत गेलो, परत निगेटिव्ह. काउंटरवर हात जोडले, ‘ताई, आफ्रिकेतून आलोय, काचेवर रक्त बघा.’ उत्तर ठरलेलं, ‘सर, कार्ड निगेटिव्ह आलंय ना, मग स्लाइड कशाला?’ यात माझे नऊ दिवस गेले, आणि त्याचा राग अजून आहे. मलेरियाच्या जंतूच्या अनेक जाती आहेत, त्यातल्या ओव्हाले जातीचे जंतू रक्तात थोडेच असतात, कार्डातून सहज निसटतात. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठीवर लाल पेनाने लिहिलं, ‘पीएस फॉर एमपी, ताप असताना’, म्हणजे मलेरियाच्या जंतूसाठी काचेवर रक्त बघा. दुसऱ्या लॅबमधल्या मॅडमनी मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं. एक तांबडी पेशी लांबट झालेली, एका टोकाची कड झिरमिळ्या सुटल्यासारखी, आत बारीक ठिपके. ओव्हाले!

लागोसची औषधं बोगस नव्हती. ती रक्तातले जंतू मारतात. ओव्हाले मात्र व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीसारखाच यकृतात झोपून राहतो आणि महिन्यांनी उठतो. मलेरिए नावाची जात यकृतात अशी झोपत नाही, पण उपचार नीट झाले नाहीत तर रक्तातच वर्षानुवर्षं टिकू शकते. आग्नेय आशियातली नोलेसी ही जातही यकृतात दडून राहत नाही.

यकृतात झोपलेल्या जंतूंसाठी प्रायमाक्विनची गोळी, मला 14 दिवस दिली. त्याआधी जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम तपासा, ते कमी असेल तर या गोळीने तांबड्या पेशी फुटतात. गरोदर बाईला ही गोळी देत नाहीत. गोळी जेवणानंतरच घ्या, मी एकदा उपाशीपोटी घेतली आणि दिवसभर पोटात ढवळत होतं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. लघवी गडद झाली तर मात्र थांबवून लगेच डॉक्टर गाठा.

आणि हो, परदेशात मलेरिया झाला तर तिकडचा रिपोर्ट घेताना जंतूची जात लिहून मागा. माझ्या लागोसच्या रिपोर्टवर नुसतं ‘एमपी प्लस प्लस’, म्हणजे मलेरियाचे जंतू आहेत एवढंच होतं.

दोन वर्षं झाली, ताप नाही. ओव्हालेचा रिपोर्ट मी पहिल्या लॅबमध्ये नेऊन दाखवला. त्यांनी झेरॉक्ससुद्धा ठेवून घेतली नाही.