कन्व्हर्टर: प्रश्नचिन्हांचं मूळ सापडलं, कॉन्फिगरमधला डब्ल्यू-एरर

इंदूरच्या जुन्या मराठी अंकांचा मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या आपल्या कन्व्हर्टरचं घोडं अखेर पुढे सरकलं. मागच्या नोंदीतली अडचण आठवत असेल: मेक (सोर्सपासून प्रोग्रॅम बांधणारी आज्ञा) बिनबोभाट पूर्ण होतो, पण चाचणीच्या फाइलीतल्या ‘सराफा’च्या जागी १५ प्रश्नचिन्हं येतात.

हा आकडाच धागा ठरला. ‘सराफा’ म्हणजे ५ कोडपॉइंट (युनिकोडमधले चिन्हांचे क्रमांक), यूटीएफ-८मध्ये प्रत्येकी ३ बाइट. फॉन्टचा दोष असता तर रिकामे चौकोन दिसले असते. बाइटमागे एक चिन्ह पडतंय, म्हणजे आयकॉन्व्ह (मजकूर एका एन्कोडिंगमधून दुसऱ्यात नेणारी फंक्शनं) बाजूला राहून, ते नसेल तेव्हासाठीचा आपला पर्यायी कोड चालतोय. मशीनवर काय आहे ते कॉन्फिगर बिल्डआधी तपासतो आणि कॉन्फिग.एचमध्ये नोंदवतो; त्यात हॅव_आयकॉन्व्ह_ओपन खरंच अनडेफ, म्हणजे ‘नाही’, निघालं. मशीन डेबियन १२. तिथे आयकॉन्व्ह जीलिबसी या मूळ सी लायब्ररीतच असतं, ‘नाही’ म्हणायला जागाच नाही.

कॉन्फिगरच्या आउटपुटमध्ये एक खूण हमखास पाहा: हेडरच्या सगळ्या तपासण्या ‘येस’ आणि फंक्शनच्या ओळीने ‘नो’. हेडरच्या चाचणीत फक्त इन्क्लूड असतात. फंक्शनच्या चाचणीत मात्र ऑटोकॉन्फ २.७१ (कॉन्फिगर तयार करणारं साधन) त्या फंक्शनचं हेडर न घेता ‘चार आयकॉन्व्ह_ओपन ();’ असं खोटं डिक्लरेशन लिहून लिंक करून बघतो. आपल्या कॉन्फिगर.एसीत (ऑटोकॉन्फला दिलेली मूळ फाइल) कंपायलर शोधणाऱ्या एसी_प्रॉग_सीसीच्या लगेच खाली सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायचे पर्याय) स्ट्रिक्ट-प्रोटोटाइप्स आणि डब्ल्यू-एरर जोडलेले आहेत. रिकाम्या कंसावर जीसीसी हा कंपायलर इशारा देतो, डब्ल्यू-एरर त्याची एरर करतो, आणि कॉन्फिगर समजतो की फंक्शनच नाही. कॉन्फिग.लॉगमध्ये ‘ऑल वॉर्निंग्ज बीइंग ट्रीटेड अॅज एरर्स’ शोधा; त्याखालीच फसलेला प्रोग्रॅम उभ्या रेघांसकट छापलेला असतो.

पहिला उपाय म्हणून ऑटोकॉन्फ २.७२ (डिसेंबर २०२३) घेऊन ऑटोरीकॉन्फ -एफआयने कॉन्फिगर नव्याने तयार केला. त्यात कंसात ‘व्हॉइड’ येतं. ‘सराफा’ अक्षर न् अक्षर बरोबर छापला गेला! तो बघण्याचा आनंद वेगळाच.

पण कॉन्फिग.एचच्या दोन प्रती डिफला लावल्यावर दिसलं की स्ट्रएनडप (स्ट्रिंगची प्रत काढणारं फंक्शन) अजूनही ‘नो’ आहे आणि आपलं पर्यायी फंक्शन गुपचूप वापरलं जातंय. कारण स्ट्रएनडप जीसीसीचं बिल्ट-इन आहे, म्हणजे त्याची सही (कोणते प्रकार घेतं आणि परत करतं) जीसीसीला आधीच ठाऊक असते. ‘चार’ परत करणारं डिक्लरेशन त्याच्या खऱ्या सहीशी जुळत नाही, आणि हा इशारा कोणताही फ्लॅग न लावता चालूच असतो. मेमसेट, स्टपसीपीवाय यांचीही तीच गत. तेव्हा नुसती आवृत्ती बदलून भागत नाही. तपासणी चालू असताना डब्ल्यू-एरर सीफ्लॅग्जमध्ये नकोच.

आता रचना अशी: इशाऱ्यांचे फ्लॅग वॉर्न_सीफ्लॅग्ज या वेगळ्या व्हेरिएबलमध्ये, ते मेकफाइलपर्यंत पोचावं म्हणून त्याला एसी_सब्स्ट, आणि मेकफाइल.एएममध्ये एएम_सीफ्लॅग्जला ते जोडायचं. डब्ल्यू-एरर फक्त --एनेबल-वेरर दिल्यावर, तोही याच व्हेरिएबलमध्ये. टारबॉलमध्ये (इतरांना द्यायच्या सोर्सच्या गठ्ठ्यात) तो बंदच असावा, याबद्दल माझं मत पक्कं आहे: नवा कंपायलर नवे इशारे आणतो आणि वापरणाऱ्याचा बिल्ड विनाकारण मोडतो. ज्यांना कॉन्फिगर.एसीला हात लावायचा नाही त्यांनी कॉन्फिगरला साधे -ओ२ -जी द्यावेत आणि डब्ल्यू-एरर मेकच्या सीफ्लॅग्जमध्ये टाकावा. कॉन्फिगर -सीने चालवत असाल तर कॉन्फिग.कॅश आधी उडवा, नाहीतर जुनं ‘नो’ तसंच राहतं.

उलटी बाजू क्लँग या दुसऱ्या कंपायलरची. लॉजिकल-ऑप हा जीसीसीचा इशाऱ्याचा फ्लॅग त्याला माहीत नाही, पण तो नुसता इशारा देऊन पुढे जातो, त्यामुळे फ्लॅगची तपासणी खोटी ‘येस’ येते. इथे मात्र डब्ल्यू-एरर हवाच: फ्लॅग चालतो का ते तपासणाऱ्या एएक्स_चेक_कंपाइल_फ्लॅगच्या चौथ्या आर्ग्युमेंटमध्ये दिला की तो त्या एका चाचणीपुरताच राहतो. जीसीसीला अनोळखी ‘-डब्ल्यूनो-’ फ्लॅग दिला तर दुसरं काही बिघडल्याशिवाय तो चकार शब्द काढत नाही, म्हणून तपासताना ‘नो’ काढून मूळ फ्लॅग द्या.

पुढचं काम क्लँगवरच्या बिल्डचं ठरलं होतं, पण हे लिहिताना बेत बदलतोय. आधी तो प्रश्नचिन्हांचा पर्यायी कोडच काढून टाकतो. आयकॉन्व्ह मिळालं नाही तर एसी_एमएसजी_एररने कॉन्फिगर तिथेच थांबेल. तपासणीही एएम_आयकॉन्व्ह या तयार मॅक्रोने करतो. तो हेडर घेऊन खरा कॉल लिहितो आणि मॅकवरचं वेगळं लिबआयकॉन्व्हही शोधतो.