चटक्याची खूण कुठं करू?

गेले चार महिने सांगलीत, विश्रामबागच्या एका लहानशा खोलीत, मी एकच काम करतेय. लहानपणी घरातच हाल सोसलेल्या आणि आता मोठ्या झालेल्या माणसांसाठी एक प्रश्नावली आहे, चाइल्डहूड ट्रॉमा क्वेश्चनेअर. तिचं मराठी तपासायचं. मूळ अमेरिकेतली, 28 वाक्यं, प्रत्येकापुढे 'कधीच नाही'पासून 'नेहमीच'पर्यंत पाच पर्याय. भाषांतर झालं, ते दुसऱ्याकडून उलट इंग्रजीत करूनही पाहिलं. आता माणूस समोर बसवून विचारायचं, ताई, हे वाचून तुम्हाला काय कळलं?

'छळ' शब्द पहिल्याच आठवड्यात खोडला. आपल्याकडे छळ म्हटलं की सासर. तिघींनी बालपणाच्या प्रश्नाला सासूची गोष्ट सांगितली.

मग बेदाणा निवडायला जाणाऱ्या एक ताई आल्या. (ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही, आणि लिहायला त्यांची हरकत नाही.) पट्टा, फळी, दोरी अशा कडक वस्तूने शिक्षा झाली का, या वाक्यापुढे त्यांनी 'कधीच नाही'ला गोल केला. "आईनं मारलं न्हाई कधी," म्हणाल्या. पेन्सिल खाली ठेवली, बाही कोपराच्या वर सरकवली. उलथन्याच्या पात्याएवढा डाग, गुळगुळीत, भोवतीच्या कातडीपेक्षा फिका.

"हे चटकं दिल्यालं. त्याची खूण कुठं करू?"

मला उत्तर सुचलं नाही. वाक्यात मनाने शब्द घालता येत नाहीत, नाहीतर दुसरीकडच्या आकड्यांशी तुलनाच होत नाही. हे मला पटतं. पण चटका मोजलाच जाणार नसेल, तर हा कागद आमच्या बायकांच्या काय कामाचा?

त्या 28मध्ये तीन वाक्यं मुद्दाम घातलेली आहेत, माझं बालपण अगदी छान गेलं अशा धर्तीची. झालेलं झाकणारी माणसं त्यांतून लक्षात यावीत म्हणून. ताईंनी तिन्हींपुढे 'नेहमीच' केलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. गेलेल्या आईला नावं ठेवायची नाहीत, एवढंच.

त्यांचा प्रश्न मी शेऱ्यात जसाच्या तसा उतरवलाय. सोमवारी तज्ज्ञांच्या बैठकीत 'चटका' उदाहरणात घ्या, असा आग्रह धरणार आहे.

काम संपल्यावर आम्ही चहा घेतला, बराच वेळ बसलो. निघताना टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर लिहिलेलं कार्ड दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि मोबाइलच्या कव्हरमागे सरकवलं.