पन्नास ग्रॅम भाजी आणि चौथीचा वर्ग

अकोले तालुक्यात, डोंगराच्या अंगाला असलेल्या जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत मी शिकवते. पहिली ते चौथी, पट ३४. शाळेच्या मागच्या बाजूला आमची परसबाग आहे. पोषण आहाराच्या योजनेत परसबाग धरलेलीच आहे, त्यामुळे आता बऱ्याच शाळांत ती दिसते. ती बाग नक्की कोणाची, हा मला खरा प्रश्न वाटतो. काही ठिकाणी अधिकाऱ्यांच्या भेटीच्या आदल्या दिवशी रोपवाटिकेतून रोपं आणून लावतात, फलक रंगवतात, फोटो पाठवतात. आठवड्याने तिथे सुकलेले देठ. मुलांना त्या बागेत पाय ठेवायची परवानगीही नसते, कारण रोपं तुडवली जातील. अशी बाग केली नाही तरी चालेल, असं मी स्पष्ट म्हणते.

आमच्याकडे काय लावायचं हे मुलं ठरवतात आणि कुठे लावायचं हेही. पहिल्यांदा जागा मोजायची होती. घरी सगळे गुंठ्यात बोलतात, पुस्तकात चौरस मीटर. म्हणून आम्ही दोर आणि टेप घेऊन फुटात मोजली: लांबी ३० फूट, रुंदी १८ फूट. म्हणजे ५४० चौरस फूट. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, त्याचा अर्धा ५४४.५. “बाई, अर्ध्या गुंठ्याला साडेचार कमी पडले,” चौथीतली एक मुलगी म्हणाली. साडेचार चौरस फूट म्हणजे केवढं, असं मी विचारलं. तिने व्हरांड्यात खडूने तीन फूट बाय दीड फुटाची चौकट आखली आणि तिच्यात मांडी घालून बसली. मग एकेक करून सगळे त्या चौकटीत बसून आले. क्षेत्रफळाचा धडा मी आधीही शिकवला आहे, पण अंगाने क्षेत्रफळ मोजलेली मुलं मी तेव्हाच पाहिली.

पालकसभेत एका वडिलांनी विचारलं, “बाई, आमची पोरं शेतातच वाढलीत. त्यांना खुरपं धरायला शाळेत कशाला शिकवता?” प्रश्न रास्त होता. आमची मुलं भाताची लावणी बघत मोठी होतात, रोप कसं धरायचं हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. पण घरच्या शेतात काम उरकायचं असतं. तिथे थांबून “असं का?” विचारायला कुणाला सवड नसते, आणि एखादा वाफा वाया घालवून बघण्याची तर मुळीच सोय नसते. ती सवड शाळेने द्यायची. त्या वडिलांना मी एवढंच सांगितलं. पुढे पाटाला उतार कसा द्यायचा हे मुलांना त्यांनीच येऊन दाखवलं.

लाल भोपळ्याच्या वेलाने आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. वेल मांडवभर पसरला, पिवळीधमक फुलं लागली आणि रोज गळून पडायला लागली. मुलं हिरमुसली. मी गळलेली फुलं गोळा करायला सांगितली आणि वेलावरचीही नीट बघायला सांगितली. थोड्या वेळाने तिसरीतला एक मुलगा ओरडला, “बाई, ह्या फुलाच्या मागं बारका भोपळा हाये, त्याच्या मागं नाय!” नर फूल आणि मादी फूल त्याने स्वतः शोधून काढलं होतं. मग मादी फुलं किती, नर किती, मोजणी झाली. नर बरेच जास्त निघाले. मुख्य अडचण वेळेची होती. ही फुलं पहाटे उमलतात आणि ऊन चढलं की मिटायला लागतात, म्हणजे शाळा भरेपर्यंत उशीर झालेला असतो. मुलांनीच ठरवलं की उजाडताना यायचं. नर फुलाच्या पाकळ्या हलक्या हाताने काढायच्या आणि मधला परागांनी भरलेला दांडा मादी फुलात अलगद टेकवायचा. ज्या फुलाला हात लावला त्याच्या देठाला लोकरीचा धागा. धागा बांधलेल्यांतले काही भोपळे धरले, काही पिवळे पडून गळले. धरलेल्यांचा घेर दर सोमवारी सुतळीने मोजायचा, सुतळी पट्टीवर ठेवायची आणि आकडा भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचा. तक्त्यात आकडे वाढत वाढत एका जागी थांबले, तेव्हा “आता ह्यो पिकणार” हा अंदाज पहिलीतल्यांनीही केला.

वालाच्या शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडला तेव्हा सगळ्यांना फवारणी आठवली. घरी पंप असतोच. त्याच शेंड्यांवर काळसर, खरबरीत अंगाच्या, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या फिरत होत्या आणि मुलं त्या चिरडायला लागली होती. मी एक अळी मावा असलेल्या डहाळीसकट काचेच्या बरणीत ठेवली आणि वर फडकं बांधलं. मधल्या सुट्टीत बरणीभोवती गर्दी. अळी माव्याला तोंडात धरून चोखून टाकत होती. रोज नवी डहाळी घालायचं काम दुसरीच्या मुलांनी अंगावर घेतलं. काही दिवसांनी अळी बरणीच्या काचेला चिकटून कोश झाली आणि त्यातून ढालकिडा (लेडीबर्ड) बाहेर आला, आधी फिक्कट, मग हळूहळू रंग भरत, ठिपके उमटत गेलेला. ज्याने सगळ्यात जास्त अळ्या चिरडल्या होत्या त्यानेच तो वालावर नेऊन सोडला. त्यानंतर आमच्याकडे कुठलाही किडा मारण्याआधी तो काय खातो हे बघायचं, हा मुलांचा नियम आहे. मी केलेला नाही.

बियाणं आम्ही घराघरांतून मागतो. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आमच्याच तालुक्यातल्या. देशी बियाणं जपण्याच्या कामासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून मुलांना आपल्या आजीच्या मडक्यातल्या, राखेत ठेवलेल्या बियांकडे बघायची वेगळी नजर आली. एका आजीने वालाच्या बिया दिल्या आणि परत मागितल्या: “मूठभर नेलं, दोन मुठी आणून द्या.” ते देणं फेडलं. कुरडूवरून मात्र वाद झाला. वाफ्यात उगवलेली कुरडू मी तण म्हणून उपटायला सांगत होते, तर मुलं म्हणाली, “बाई, ही तर भाजी हाये.” कोवळी होती, खुडून घेतली, त्या दिवशी तीच शिजली.

शिजवण्याचा हिशोब चौथीकडे. प्राथमिकच्या मुलासाठी दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण आहे. सगळे ३४ हजर असतील तर भाजी १ किलो ७०० ग्रॅम. मेथीचा अख्खा वाफा कापून तराजूत टाकला तेव्हा एका दिवसापुरतीही भाजी भरली नाही. मुलांना वाईट वाटलं, पण वजन खोटं बोलत नाही, आणि भाजीवाल्याकडची जुडी एवढ्याला का पडते हे त्याच दिवशी कळलं. आमची बाग शाळेला जेवू घालत नाही. आठवड्यातून एखाद दिवस ताटात आपलं काहीतरी असतं. पालकाच्या भाजीला नाक मुरडणारी मुलं त्या दिवशी पुन्हा वाढून घेतात, हे स्वयंपाकाच्या ताई सांगतात आणि मीही बघते.

एका गोष्टीवर मी अडून बसते. सुरुवातीला पाणी आणणं, झाडणं आपसूक मुलींकडे गेलं आणि टिकाव मुलांकडे. आता पाळी लावली आहे आणि ती मोडत नाही. मुलगे झारी भरतात, मुली टिकाव मारतात. शिक्षा म्हणून कुणालाही बागेत पाठवायचं नाही, हेही पक्कं. आम्ही हे काही पहिल्यांदा करत नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली ती हाताच्या कामातून शिकण्याचीच. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही शेतीतून गणित-विज्ञान शिकवतात.

सध्या चिंता उन्हाळ्याची आहे. जेवणाआधी हात धुतलेलं पाणी आम्ही नळीने वाफ्यात सोडतो, भाताच्या पेंढ्याचं आच्छादन घालतो, त्यावर एप्रिलपर्यंत निभतं. मे महिन्यात हातपंप दमतो आणि शाळाही बंद असते. शेवगा आणि कढीपत्ता तग धरतात, बाकी वाफे मोकळे करावे लागतात. मुलांचं म्हणणं, एक वाफा तरी सुट्टीत चालू ठेवायचा, जवळ राहणाऱ्यांनी पाळीने पाणी घालायचं. गवार की चवळी, यावर उद्या परिपाठानंतर हात वर करून मत घ्यायचं आहे. मी चवळीच्या बाजूने आहे, पण माझं मत एकच.