तुम्ही विचारलंत म्हणून : विज्ञानाच्या तासाला मुलं बोलती कशी होतील?

विज्ञान शिकवणारे शिक्षक भेटले की एक प्रश्न ठरलेला असतो. "मुलं प्रश्नच विचारत नाहीत. चर्चा करा म्हटलं तर दोघंतिघं बोलतात आणि बाकीचे गप्प, नाहीतर नुसता गोंधळ. त्यात पोर्शन संपवायचा असतो. काय करायचं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून हे जरा सविस्तर.

माझं उत्तर थोडक्यात असं आहे : मुलांना "प्रश्न विचारा" असं सांगून फारसं काही होत नाही. आपण उत्तर कधी देतो, हे बदललं की होतं. मूल बोलून थांबलं की पुढच्या तीन सेकंदांत शिक्षक काय करतात, यावर चर्चा पुढे चालणार की तिथेच संपणार हे ठरतं.

आधी नेहमीचा प्रकार बघू. धडा शिकवून झालेला असतो, तास संपायला दोन मिनिटं उरलेली असतात आणि विचारलं जातं, "कुणाला काही शंका?" या क्षणी हात वर करायचा म्हणजे सगळ्यांदेखत "मला कळलं नाही" अशी कबुली द्यायची, वर सुट्टी लांबवली म्हणून वर्गाचा रोषही ओढवून घ्यायचा. कोण करेल? प्रश्नांची वेळ तासाच्या सुरुवातीला आणा, डोळ्यांसमोर काहीतरी घडत असताना. आणि प्रश्न तोंडी मागण्याआधी वहीत लिहायला दोन मिनिटं द्या : "आत्ता जे दिसलं त्यातलं न पटलेलं किंवा नवल वाटलेलं एक काहीतरी लिहा." लिहिलेलं वाचून दाखवायला आयत्या वेळी बोलण्यापेक्षा कमी धिटाई लागते, आणि मागच्या बाकावरच्या मुलाकडेही सांगण्यासारखं काहीतरी तयार असतं.

आता त्या तीन सेकंदांविषयी. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं बारकाईने तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मुलाचं बोलणं झाल्यावरही तेवढ्याच घाईने स्वतः बोलायला लागतात, असं तिला आढळलं. हे थांबणं तीन सेकंदांपर्यंत किंवा त्यापुढे नेलं, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली आणि मुलांकडून येणारे प्रश्नही वाढले. यातलं पहिलं थांबणं, म्हणजे प्रश्नानंतरचं, बऱ्याच जणांना माहीत असतं. खरं अवघड आहे ते दुसरं, मुलाच्या उत्तरानंतरचं. तिथे तोंडावर आलेलं "बरोबर!" गिळावं लागतं.

ते जमवण्याची साधी युक्ती : उत्तर ऐकल्यावर एक श्वास सावकाश घ्या आणि सोडा, आणि त्या वेळात बोलणाऱ्या मुलाकडे न बघता बाकीच्या वर्गाकडे बघा. मग म्हणा, "हे कुणाला पटतंय? कशावरून?" शांतता असह्य होऊन आपण साधारण तीन गोष्टी करतो आणि तिन्ही घात करतात. एक म्हणजे तोच प्रश्न निराळ्या शब्दांत पुन्हा विचारतो. विचार करत असलेल्या मुलाला मग पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दुसरी, मुलाचं उत्तर मोठ्याने पुन्हा म्हणतो. मग वर्गाला एकमेकांचं ऐकायची गरज उरत नाही, बाई काहीतरी सांगतीलच. तिसरी म्हणजे लगेच दिलेली शाबासकी. एकाला "शाब्बास" मिळाली की निराळा विचार करणारी पाच मुलं वहीतलं खोडतात. शाबासकी द्याच, पण कारण देण्याला द्या, आणि चर्चा झाल्यावर द्या. शिवाय हे थांबणं सगळ्याच प्रश्नांना लागू नाही. पाणी किती अंशाला उकळतं हे ज्याला पाठ आहे तो लगेच सांगेल, ज्याला नाही त्याला तीन सेकंदांनी काही आठवणार नाही. थांबायचं ते विचार करण्याजोग्या प्रश्नाला.

असा प्रश्न कसा असतो? माझा सगळ्यात आवडता प्रयोग सांगतो, कारण त्यात सगळं एकत्र बघायला मिळतं. दोन सारखे पारदर्शक ग्लास घ्या. दोन्हींत 200 मिलिलिटर पाणी. एकात साधारण 20 ग्रॅम, म्हणजे मोठा चमचा भरून, मीठ पूर्ण विरघळवा. प्रत्येकात एकाच साच्यातला बर्फाचा एकेक खडा टाकायचा आहे. टाकण्याआधी विचारा : कुठला आधी वितळेल? खाऱ्या पाण्यातला, साध्या पाण्यातला, की दोन्ही बरोबर? प्रत्येकाने अंदाज आणि कारण लिहायचं, मग मतदान, आकडे फळ्यावर.

बहुतेक वर्गांत बहुमत खाऱ्या पाण्याच्या बाजूने जातं, कारण मीठ लागलं की बर्फ वितळतो हे मुलांनी ऐकलेलं असतं. आता खडे हलकेच सोडा आणि ढवळू नका. साध्या पाण्यातला खडा भराभर लहान होतो, खाऱ्या पाण्यातला रेंगाळतो, कधी कधी त्याला दुप्पट वेळही लागतो. वर्गात जी कुजबुज सुरू होते ती शांत करू नका. हाच तो क्षण आहे, आणि इथेच "घनता" म्हणून मोकळं होण्याचा मोह सगळ्यात मोठा असतो. त्याऐवजी विचारा, "कारण काय असेल, आणि ते तपासायला काय करून बघता येईल?"

सूचना येतातच. कुणी म्हणतं ढवळून बघू. ढवळलं की फरक बराच कमी होतो. कुणी म्हणतं वर आणि तळाशी तापमापी धरू. खाऱ्या ग्लासात वरचा थर थंड आणि तळ कोमट असं सापडतं. कुणी म्हणतं खडा चमच्याने तळाशी दाबून धरू. तसं केलं की खाऱ्या पाण्यातला खडा तरंगत असतानापेक्षा लवकर वितळतो आणि साध्या पाण्यातला रेंगाळतो. मग दुसऱ्या फेरीला खाण्याचा रंग घालून गोठवलेले खडे टाका. साध्या पाण्यात रंगाचे धागे सरळ खाली उतरतात. वितळलेलं थंड पाणी भोवतालच्या पाण्याहून जड असतं, ते खाली जातं आणि त्याच्या जागी कोमट पाणी बर्फाला येऊन भिडतं. खाऱ्या ग्लासात रंग वरच थर करून बसतो, कारण मीठ नसलेलं ते पाणी थंड असूनही खाऱ्या पाण्याहून हलकं असतं. बर्फ स्वतःच्याच थंड पाण्यात बसून राहतो. मुलांची मिठाविषयीची समजूतही खोटी नव्हती, मिठाने बर्फाचा वितळणांक खाली येतोच. इथे अभिसरण, म्हणजे थंड पाणी खाली आणि कोमट पाणी त्याच्या जागी असा पाण्याचा फेरा, वरचढ ठरलं, इतकंच. हे त्यांना आवर्जून सांगा.

यात काय बिघडतं तेही लक्षात ठेवा. मीठ विरघळताना पाणी एक-दोन अंशांनी गार होतं, त्यामुळे द्रावण तासभर आधी करून ठेवावं; नाहीतर "ते पाणी आधीच गार होतं" ही रास्त हरकत येते आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. खडे फ्रीजमधून काढून हातात घेऊन फिरलात तर आकार बदलतो. आणि रंगीत खडे पहिल्याच फेरीत वापरलेत तर उत्तर फुकट दिसतं, वाद घालायला काही उरत नाही.

मतदानाचं तंत्र हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी 1990 च्या दशकात नीट बसवलं. प्रश्न द्यायचा, एकट्याने विचार, मतदान, मग शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटं चर्चा, पुन्हा मतदान आणि शेवटी उलगडा. बरोबर उत्तरं साधारण 30 ते 70 टक्क्यांच्या दरम्यान असतील तर शेजाऱ्याशी चर्चा फळते. त्याहून कमी असतील तर कुणाकडेच पुरेशी शिदोरी नसते, आधी थोडं शिकवावं लागतं. जास्त असतील तर पुढे चला. साठ मुलांच्या वर्गातही हे चालतं, कारण बाकं हलवावी लागत नाहीत. मतदानात हात वर करताना मुलं हुशार मुलाकडे बघतात, म्हणून सगळ्यांनी एकदम छातीशी बोटं धरून एक, दोन किंवा तीन दाखवावीत. पहिलं मतदान झाल्यावर बरोबर पर्याय कुठला याचा चेहऱ्यावरूनही पत्ता लागू देऊ नका.

गट करायचे तर तिघांचे किंवा चौघांचे. पाचवा बहुधा प्रेक्षक असतो. गटाला एकच कागद आणि एकच पेन द्या म्हणजे डोकी एकत्र येतात. सांगायला उठणारा कोण हे आधी ठरवू नका, आयत्या वेळी कुणालाही उठवा. मग बोलका मुलगासुद्धा गप्प असलेल्याला समजावून देतो. आणि उठणाऱ्याने स्वतःचं मत सांगायचं नाही, गटातल्या दुसऱ्याचं सांगायचं. ऐकायची सवय लावण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

प्रश्न गोळा करायची म्हणून एक शिस्त आहे. पाच मिनिटं फक्त प्रश्न. कुणी उत्तर द्यायचं नाही, हसायचं नाही, प्रश्न जसा आला तसाच फळ्यावर लिहायचा. शिक्षकांनी तो "सुधारून" लिहिला की तो त्या मुलाचा राहत नाही. मग वर्गाने मिळून प्रश्न वेगळे करायचे : आपल्याला इथे करून बघता येतील असे, पुस्तकात शोधावे लागतील असे, आणि आणखी कुणाला तरी विचारावे लागतील असे. मुलांचे बरेचसे प्रश्न "का" असे येतात आणि "का" थेट तपासता येत नाही. "लंबक हळू का हलतो?" यापासून "दोरी निम्मी केली तर दहा आंदोलनांना किती वेळ लागेल?" इथवर आणणं हेच शिक्षकाचं काम. काय बदलायचं, काय मोजायचं आणि काय तसंच ठेवायचं, या तीन गोष्टी विचारल्या की मुलं स्वतःच तो प्रश्न वळवतात.

लंबक तपासताना हमखास होणारी चूक बघा. एक मीटरच्या लंबकाला एका आंदोलनाला, म्हणजे एकदा जाऊन परत यायला, जवळपास 2 सेकंद लागतात, म्हणजे दहाला 20. एखादा गट 18 सांगतो. त्यांनी गोळा सोडतानाच "एक" म्हटलेलं असतं, त्यामुळे मोजली गेली नऊच. सोडताना "शून्य" म्हणायचं. हे सांगून टाकू नका. 18 आणि 20 दोन्ही फळ्यावर लिहा आणि दोन्ही गटांना एकमेकांसमोर मोजायला लावा. चूक त्यांनाच सापडते आणि मोजमापाविषयी पुढचे प्रश्न त्यातून निघतात. "एकच आंदोलन का नाही मोजायचं?" हा त्यातला उत्तम प्रश्न. घड्याळ दाबायला हाताला लागणारा उशीर साधारण 0.2 सेकंदाचा. एका आंदोलनात तो दहा टक्के चूक करतो, दहा आंदोलनांत एक टक्का.

तुम्हाला उत्तर येत नसेल तर? तसं सांगा, पण तिथे सोडू नका. प्रश्न तारखेसह भिंतीवर लावा आणि आठवड्यातली दहा मिनिटं त्या भिंतीसाठी राखून ठेवा. महिनाभर तिथेच पडून राहिलेला प्रश्न मुलांना एकच गोष्ट शिकवतो, की विचारून उपयोग नाही.

मुलांनी सगळं स्वतः शोधावं, हे मात्र मला पटत नाही. मूलद्रव्यांच्या संज्ञा, एककं, नावं हे संकेत आहेत. ते शोधून सापडत नाहीत, सरळ सांगावेत. सुरक्षिततेवर मतदान नसतं. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही, हे आधी सांगायचं आणि चर्चा नंतर. आणि चर्चेच्या शेवटी पाच मिनिटं नीट समजावून देणं शिक्षकाकडेच राहिलं पाहिजे. उलगडा न करता "घरी विचार करा" म्हणून सोडलं की चुकीची समजूत घेऊन अर्धा वर्ग घरी जातो.

राहिला पोर्शन. रोज असा तास घेता येत नाही आणि घेऊही नये. प्रत्येक धड्यातली जी एक कल्पना मुलं हटकून चुकीची समजतात तिला एक पूर्ण तास द्या. बाकीच्या तासांना सुरुवातीची पाच मिनिटं पुरतात. हा वेळ उजळणीतून परत मिळतो, कारण बर्फाचा प्रयोग पाहिलेल्या वर्गाला अभिसरण पुन्हा शिकवावं लागत नाही.

पण परीक्षा जुनीच राहिली तर मुलं पटकन ओळखतात की प्रश्न विचारणं हा शोभेचा भाग आहे. मध्य प्रदेशात 1972 साली 16 शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने हे ओळखलं होतं. तिथे मुलं चौघाचौघांच्या टोळ्यांत प्रयोग करत, मनातले प्रश्न "सवालीराम" या काल्पनिक पात्राला पत्राने कळवत, आणि परीक्षाही पुस्तक उघडं ठेवून व हाताने प्रयोग करून होई. तुमच्या हातात बोर्डाची परीक्षा नसेल, पण घटक चाचणी असते. तिच्यात तीन गुणांचा एक प्रश्न असा घाला : एखादं निरीक्षण द्या आणि त्यावर तपासता येईल असा एक प्रश्न लिहायला सांगा. काय बदलणार याला एक गुण, काय मोजणार याला एक, काय तसंच ठेवणार याला एक. पहिल्या चाचणीत बहुतेकांचा तिसरा गुण जाईल. दुसऱ्या चाचणीआधी त्यांचेच प्रश्न, नावं न घेता, फळ्यावर लिहा आणि कुठला गुण का गेला ते वर्गालाच शोधू द्या.