मदरबोर्ड बदलला आणि सॉफ्टवेअर ओळख देईना

पैसे मोजून, पक्कं बिल घेऊन सॉफ्टवेअर वापरणाऱ्यालाच आपण चोर नाही हे पटवत बसावं लागतं, याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून लिहितोय. बेळगावातल्या शहापूरला माझं डीटीपीचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, मंडळांची पावतीपुस्तकं, मराठीत आणि कन्नडमध्येही. त्यासाठी भारतीय भाषांच्या फॉन्टचं एक पॅकेज घेतलंय. कंपनीचं नाव घेत नाही.

पावसाळ्यात लाईट जाऊन-येऊन मदरबोर्ड उडाला. हार्ड डिस्क वाचली, बोर्ड नवा बसवला. विंडोजनेही जरा कुरकुर केली, पण माझं लायसन रिटेलचं, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं. ट्रबलशूटरमध्ये ‘नुकतंच हार्डवेअर बदललंय’ हा पर्याय निवडला आणि विषय मिटला. अडलं ते फॉन्टच्या पॅकेजवर. उघडलं की एकच पाटी: हे लायसन दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे. बंद करून डेमोमध्ये चालवलं, तर प्रिंट काढताना पावतीवरच्या गणपतीच्या सोंडेवरून आडवं ‘डेमो’.

असली सॉफ्टवेअरं मदरबोर्डचा नंबर, हार्ड डिस्कचा नंबर, नेटवर्क कार्डचा पत्ता असं गोळा करून एक मशीन आयडी बनवतात आणि तुमची लायसन-की त्याला बांधून टाकतात. लॅनचं कार्ड हल्ली मदरबोर्डवरच असतं, म्हणजे बोर्ड गेला की एका फटक्यात दोन खुणा जातात. पूर्वी डोंगल असायचं, म्हणजे लायसनची किल्लीच असलेला छोटासा तुकडा, आधी प्रिंटरच्या पोर्टला लावायचं आणि मग यूएसबीला आलं. हरवलं तर बोंब, हे खरं. पण मशीन बदललं तर इथून काढून तिथे लावलं की काम चालू.

हेल्पलाईनचा नियम असा: आधी जुन्या कॉम्प्युटरवरून डीॲक्टिव्हेट करा, त्याचा स्क्रीनशॉट पाठवा, मग नव्यावर मिळेल. म्हटलं, अहो, तो बोर्ड जळालाय. “हो सर, पण आधी डीॲक्टिव्हेट करावं लागेल.” जळालेल्या बोर्डावरून स्क्रीनशॉट कसा काढायचा, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

त्यात आमचं बेळगाव. मराठीचे कीबोर्ड नीट समजावून सांगणारा म्हणून पॅकेज कोल्हापूरच्या डीलरकडून घेतलेलं. तो म्हणाला, “दादा, तुमचा पिन ५९० चा, सिस्टीममध्ये कर्नाटक दाखवतंय. बेंगळुरूला बोला.” बेंगळुरूला लावला तर “हेळ्री सर”. बाजारापुरतं कन्नड मला येतं, मशीन आयडीचं रामायण सांगण्याइतकं नाही. हिंदी-इंग्रजीची खिचडी करून सगळं सांगितलं. त्यांनी बिल बघितलं आणि म्हणाले, हे महाराष्ट्राचं आहे, रिक्वेस्ट त्याच डीलरने टाकायला हवी. पुन्हा कोल्हापूर. तो पुन्हा म्हणतो बेंगळुरू. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे हे ठाऊक होतं. तो लायसन सर्व्हरवरही पडून आहे हे आता कळलं!

आणि प्रत्येक वेळी नव्या माणसाला तोच लांबलचक कोड वाचून दाखवायचा. बी फॉर बेळगाव, डी फॉर दिल्ली, “सर, तो झिरो आहे का ओ?” यातून शिकायचं एवढंच की कोड फोनवर सांगूच नका, कॉपी करून मेल करा. शेवटी एकाने ओटीपी पाठवतो म्हटलं, तर तो गेला डीलरकडच्या पोराच्या मेलवर. इन्स्टॉल करताना त्याने स्वतःचाच मेल टाकलेला, आणि तो पोरगा नोकरी सोडून कधीच गोव्याला गेलेला. तुमच्या दुकानात कोणी काही इन्स्टॉल करत असेल तर शेजारी उभं राहा आणि आपला मेल टाकायला लावा.

इकडे मंडळाची पोरं दारात. “अण्णा, पुस्तकं कवा देताय? वर्गणी सुरू करायची हाय की.” शेजारचा म्हणाला, क्रॅक टाक की रे, कोण बघतंय. पण क्रॅकबरोबर, म्हणजे लायसनचं कुलूप तोडणाऱ्या चोरट्या प्रोग्रामबरोबर, काय-काय आत येतं ते मी दुसऱ्यांच्या मशीनवर पाहिलंय. शिवाय कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-ए कलम आलंय. हक्क मोडायच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मी गेल्या वर्षीची पीडीएफ काढली. तिच्यात अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून ठेवलेले, त्यामुळे ती उघडायला फॉन्ट लागतच नाही. वर्ष आणि अध्यक्षांचं नाव तेवढं हे पॅकेज न लागणाऱ्या युनिकोड फॉन्टमध्ये टाकून पुस्तकं दिली. अध्यक्षांनी बरोबर पकडलं: “माझंच नाव बारीक का?”

सुटलं ते फोनने नाही, मेलने. कंपनीच्या मुख्य ऑफिसला एकच मेल केला. जोडीला खरेदीचं बिल, बोर्ड बदलल्याचं बिल, जुन्या बोर्डाचा सीरियल नंबरचं स्टिकर दिसेल असा फोटो, आणि जुना-नवा दोन्ही मशीन आयडी. जुना आयडी डीलरने सीडीच्या पाकिटावर पेनने लिहून दिला होता, म्हणून सापडला. ती पाकिटं टाकू नका. खाली लिहिलं की दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, म्हणजे १९१५ ला तक्रार करतो. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागत नाही असं लोक सांगतात, पण स्वतः राबून पोटापाण्यासाठी धंदा चालवणारा २०१९ च्या कायद्यात ग्राहकच धरलाय. उत्तर आलं: लायसन रीसेट केलं आहे, फक्त याच वेळेस. की टाकली, ‘डेमो’ गेलं. वकिलाला एक पैसा द्यावा लागला नाही, याची थोडी ऐट आहेच.

मशीन फॉरमॅट करायचं असेल तर आधी डीॲक्टिव्हेट करा, बोर्ड जिवंत आहे तोवरच. जुन्या कामांची कर्व्ह केलेली पीडीएफ वेगळ्या डिस्कवर ठेवा. रजिस्टर्ड मेल बदलायचा फॉर्म मीही भरून पाठवलाय, अजून ‘प्रोसेसमध्ये’ दाखवतोय.