मेमरीतल्या हेलियमसाठी सुरक्षा प्रमाणपत्र

कोड लिहिणं, तो चालणं हे सगळं यथावकाश झालं. इथे लिहितोय ते एका सहीबद्दल, कारण राग अजून उतरलेला नाही.

काम असं, सगळं संगणकातल्या गणिताचं. ६.७ सेंटीमीटर अंतरावरच्या दोन प्लेटा, मध्ये कमी दाबाचा हेलियम, वर १३.५६ मेगाहर्ट्झचा व्होल्टेज. २०१३ साली पाच स्वतंत्र कोडांनी हेच गणित सोडवून उत्तरं जुळवून छापली आहेत. आपला कोड खरा की खोटा, हे तिथे ताडून बघता येतं. व्होल्टेजचं एक आवर्तन जेमतेम ७४ नॅनोसेकंदांचं, त्याचे निदान ४०० तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यात हजारो कण पुढे सरकवायचे, विद्युतक्षेत्र नव्याने काढायचं, टकरा फाशावर सोडायच्या. त्यात वेगवेगळ्या दाबांच्या चार केस आहेत. ३० मिलिटॉर (दाबाचं एकक) ही पहिली केस माझ्या लॅपटॉपवर निघाली. १००० मिलिटॉरच्या चौथ्या केसमध्ये मात्र पावलं कोटींत जातात. त्यासाठी बाहेरच्या एका संस्थेच्या मोठ्या संगणकावर वेळ मागायचा होता आणि अर्ज आमच्या जळगावच्या कार्यालयामार्फत जायचा होता.

अर्जाचा विषय मी सरळ लिहिला: 'हेलियममधील विद्युत विसर्ग'. कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी वाचला आणि फाइल बाजूला ठेवली.

"सुरक्षा समितीचं प्रमाणपत्र कुठाय?"

"कशाचं?"

"गॅस आहे, हाय व्होल्टेज आहे. सिलिंडर कुठे ठेवणार ते लिहिलेलं नाही."

म्हटलं, सिलिंडर नाहीये, सगळं संगणकात आहे. "मग गॅस ठेवणार कशात?" मेमरीत, म्हटलं. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच उद्धटपणा केला.

पुढे जे सुरू झालं त्याला अंत नव्हता. सुरक्षा समितीचे सचिव म्हणाले, जागा पाहिल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. जागा कुठली दाखवू? लॅपटॉप उघडून दाखवला. ते म्हणाले, हे आमच्या कक्षेत येत नाही. मग तेवढंच लिहून द्या ना! तर, कक्षेत येत नसलेल्या कामाचं पत्र देता येत नाही. भाऊसाहेबांना मात्र पत्रच हवं. बाहेर ४४-४५ अंशांचं ऊन, आत आवक-जावकच्या खिडकीवर "साहेब जेवायला गेलेत".

शेवटी गाईडच्या लेटरहेडवर चार ओळी टाइप केल्या: 'सदर कामात कोणताही वायू, सिलिंडर अथवा विद्युत उपकरण वापरले जाणार नाही, दाब व व्होल्टेज हे केवळ आज्ञावलीतील आकडे आहेत.' खाली गाईडची सही, गोल शिक्का. "हे आधी का नाही आणलं भो?" म्हणत भाऊसाहेबांनी जावक क्रमांक टाकला! तेव्हा ही चार ओळींची पुरवणी पहिल्याच दिवशी जोडा, आणि विषयात 'संख्यात्मक अभ्यास' हे शब्द सगळ्यात पुढे ठेवा. गॅस शब्द जितका मागे तितकं बरं.

वेळ मिळाला, चौथी केस सुटली. आयनांच्या घनतेचा आलेख छापलेल्या आलेखावर बसला, तेव्हा तो प्रिंट काढून मी भाऊसाहेबांनाही दाखवून आलो.

घरच्या मशीनवर चालवत असाल तर ठरावीक आवर्तनांनी कणांची सगळी स्थिती डिस्कवर उतरवत जा. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. आणि हो, एलएक्सकॅट या ऑनलाइन माहितीसाठ्यावर क्रॉस सेक्शन, म्हणजे टकरींच्या शक्यतेचे तक्ते, फुकट मिळतात, पण 'इफेक्टिव्ह' लिहिलेला तक्ता 'इलॅस्टिक' समजून घेऊ नका. त्यात उत्तेजन आणि आयनीकरण आधीच मिळवलेलं असतं. त्या प्रक्रिया पुन्हा वेगळ्या जोडल्यात तर टकरा दोनदा मोजल्या जातात.